खणाचं कॅलेंडर

आमच्या घरात ब्लाउजपीसची एक चळत आहे. हळदीकुंकू, बारसं, मुंज, डोहाळेजेवण, कुठूनही आलेली ओटी उघडली की नारळ स्वयंपाकघरात जातो, तांदूळ डब्यात जातात आणि ब्लाउजपीस कपाटातल्या त्या चळतीवर जाऊन बसतो. तो कुणी शिवत नाही. पुढच्या ओटीची वेळ आली की आई चळतीतला मधलाच एखादा ओढते, 'हा तिच्याकडूनच तर आला नव्हता ना?' अशी खात्री करून घेते आणि पुढे पाठवते. मला पक्का संशय आहे की पुण्यातले निम्मे ब्लाउजपीस असे वर्षानुवर्षं फिरतीवर आहेत.

गेल्या नोव्हेंबरात ती चळत कलंडली आणि तळाशी त्रिकोणी घडीचा एक खरा खण सापडला. गर्द जांभळट मरून, बारीक बुट्ट्या, दोन्ही बाजूंना सोनेरी पिवळा काठ. उजेडात हलवला की एकदा लाल दिसे, एकदा जांभळा, कारण उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. आई म्हणाली, "हा गुलेदगुड्डचा. माझ्या लग्नातला. चोळी शिवायची राहून गेली." गुलेदगुड्ड हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव. इरकली साडीचं इळकलही त्याच जिल्ह्यातलं. इरकली नेसणाऱ्या बायकांच्या चोळ्यांचे खण पिढ्यान्‌पिढ्या तिकडूनच महाराष्ट्रात आले.

चोळी आता कोण घालणार? पर्स शिवावी तर आजकाल प्रत्येक प्रदर्शनात खणाच्याच पर्सा असतात. मला हवी होती भिंतीवरची, रोज डोळ्यांसमोर राहणारी वस्तू. त्यावरून कॅलेंडर डोक्यात आलं: पुठ्ठ्यावर खण ताणायचा, त्यावर खिसे शिवायचे, खिशांत तारखांचे सुटे पत्ते ठेवायचे, महिना बदलला की पत्ते नव्याने लावायचे. एकदा केलं की जन्मभर पुरेल.

आईचा पहिला प्रश्न होता, "आणि एकादशी कुठे बघायची?"

तो मी तेव्हा कानाआड केला. पुढे तो पुन्हा आलाच.

मी आधी कागदावर गणित मांडलं. महिन्याला किती खिसे लागतील? एकतीस, असं पटकन तोंडात येतं. पण वार ठरलेल्या जागी आणि तारखा सरकणाऱ्या, म्हणून जागा जास्त लागते. रविवारपासून आठवडा धरला आणि एकतीस दिवसांचा महिना शनिवारी सुरू झाला, तर तीस आणि एकतीस तारीख सहाव्या आठवड्यात जाते. म्हणजे सात गुणिले सहा, बेचाळीस खिसे. त्या बेचाळिसांतले निदान अकरा कायम रिकामे. फेब्रुवारी २०२६ तर रविवारी सुरू होऊन अठ्ठाविसाव्या दिवशी शनिवारी संपणारा, त्यात चौदा रिकामे. दात पडलेल्या तोंडासारखं दिसलं असतं.

उपाय स्वयंपाकघराच्या दारामागेच लटकत होता. आपल्या मराठी घरांत १९७३ पासून कालनिर्णय आहे, आणि त्याची मांडणी मी चाळीस वर्षं बघत असूनही कधी पाहिली नव्हती. वार डावीकडे एकाखाली एक. तारखा वरून खाली उतरतात. आणि महिना सहाव्या आठवड्यात सांडायला लागला, तर उरलेली तीस-एकतीस पहिल्या रांगेतल्या वरच्या रिकाम्या घरात जाऊन बसते. महिना उशिरा सुरू झाला तरच शेवट सांडतो, आणि उशिरा सुरू झाला म्हणजे सुरुवातीची घरं रिकामी असणारच. एकाची अडचण, दुसऱ्याची सोय. सात गुणिले पाच, पस्तीस खिसे. ज्याने कुणी ही युक्ती पहिल्यांदा काढली त्याला माझा नमस्कार.

खिशाच्या आडव्या ओळीतलं अंतर साडेसहा सेंटिमीटर धरलं, सात ओळींचे साडेपंचेचाळीस. उभ्या पाच रांगा पाच-पाच सेंटिमीटरच्या, पंचवीस. वारांसाठी डावीकडे सहा. वर महिन्याच्या नावाला साडेनऊ. भोवतीचं मोकळं धरून पुठ्ठा झाला चाळीस बाय बासष्ट. मागे दुमडायला चारी बाजूंनी चार-चार सेंटिमीटर हवेत, म्हणजे कापड अठ्ठेचाळीस बाय सत्तर. खणाचा पन्हा मोजला, अठ्ठ्याहत्तर भरला. लांबी ऐंशीच्या आतबाहेर. एकच खण, कापायला एकच संधी.

"त्याला आत्ता कात्री लावू नकोस," आई म्हणाली. "आधी त्या चळतीतला एखादा घे आणि काय करायचं ते कर."

आयुष्यात आईचे जे मोजके सल्ले मी लगेच ऐकले त्यांतला हा एक.

सरावासाठी चळतीतला लाल सुती पीस घेतला. सुती आहे हे मात्र तपासून घेतलं. चळतीतल्या प्रत्येकाची कडेची एक-एक दोरी काढून चिमट्यात धरून बाल्कनीत जाळून पाहिली. बहुतेक सगळ्यांचे धागे वितळून टोकाला काळा कडक मणी झाला, म्हणजे पॉलिएस्टर. लाल पिसाचा धागा कागदासारखा जळला आणि बोटांत राख झाली, तो सुती. मग आईच्या खणाचा आडवा धागा जाळला, तोही सुती. उभ्या धाग्याला मात्र केस जळल्यासारखा वास आला. आई आतून ओरडली, "काय जळतंय?" मी म्हटलं, "तुझं रेशीम." ती इतकी खूश झाली की जाळल्याबद्दल ओरडायचंच विसरली.

बाकीची खरेदी एका सकाळी उरकली. अप्पा बळवंत चौकातून कप्पा बोर्डाचे, म्हणजे बाइंडिंगच्या जाड पुठ्ठ्याचे, दोन मोठे तक्ते, आयव्हरी कार्ड आणि ब्राउन पेपर. रविवार पेठेतून मांजरपाट, चिकटणारं बकरम, पितळी आयलेट, नाडी. पुठ्ठा बसमधून घरी आणणं हा एक स्वतंत्र विषय आहे, त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

तारखा भरतकामाने करायच्या असं माझ्या मनात होतं. मांजरपाटाचे छोटे चौकोन, त्यावर साखळी टाक्यात आकडे. १ झाला, २ झाला, ३ ला एक अख्खी संध्याकाळ गेली. पाचव्या दिवशी ५ संपवताना हिशेब केला की याच वेगाने गेले तर कॅलेंडर संक्रांत ओलांडून रथसप्तमीला तयार होईल, आणि मग महिन्यांची नावं उरतीलच. भरतकाम तिथेच सोडलं. ते पाच चौकोन अजून शिवणाच्या डब्यात आहेत. पत्ते मग साध्या पद्धतीने केले: कप्पा बोर्डाचे तुकडे, त्यांवर आयव्हरी कार्ड, आकडे काळ्या मार्करने. आकडे देवनागरीच हवेत हा माझा हट्ट. त्यातही एक धडा मिळाला. मी लिहिलेला १ आणि ९ सहा फुटांवरून आईला सारखेच दिसत. "आज एकोणीस का अकरा?" असं तिने दोनदा विचारल्यावर सगळे नऊ पुन्हा लिहिले, पोट जास्त गोल करून, शेपूट बाहेर फेकून.

आता सरावाच्या कॅलेंडरची कहाणी. ते बिघडलं. नुसतं बिघडलं नाही, तीन वेगवेगळ्या प्रकारांनी बिघडलं, आणि तिन्ही प्रकार माझ्याच कर्तृत्वाचे.

पहिला प्रकार खिशांचा. मी पत्ते आधी कापले होते, चार सेंटिमीटर रुंद. खिसे त्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त ठेवले आणि आईच्या पायमशीनवर मांजरपाटाच्या पट्ट्या लाल कापडावर टीप मारून बसवल्या. आधी खालची टीप, मग मधल्या उभ्या. शिवून झाल्यावर पहिला पत्ता घालायला गेले तर जाईचना. जोर लावला तर मागचं कापड गोळा होऊन वर आलं. पत्त्याला जाडी असते हे माझ्या गावीच नव्हतं. सपाट कापडावर सपाट खिसा शिवला की तो कागदाचा खिसा होतो, पुठ्ठ्याचा नाही. पट्टीला प्रत्येक घरामागे थोडी ढील द्यावी लागते. पाच सेंटिमीटरच्या घरात पट्टी पाच सेंटिमीटर चार मिलिमीटर हवी. म्हणजे खडूच्या खुणा पट्टीवर वेगळ्या, खालच्या कापडावर वेगळ्या आणि शिवताना खुणेला खूण जुळवायची. मधली ढील आपोआप पोट काढते आणि पत्ता त्यात बसतो. कुठल्याही शिंप्याने हे मला दोन वाक्यांत सांगितलं असतं.

दुसरा प्रकार रंगाचा. पुठ्ठ्यावर फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून सगळीकडे ब्रशने फासला, त्यावर कापड ठेवलं आणि तळहाताने दाबत नेलं. दिसायला फार छान दिसत होतं, साधारण दहा मिनिटं. मग मांजरपाटाचे पांढरे खिसे खालून हळूहळू गुलाबी व्हायला लागले. लाल कापड ओलं झालं, त्याने रंग सोडला आणि कोऱ्या मांजरपाटाने तो आनंदाने पिऊन घेतला. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळून पाहिला असता तर आधीच कळलं असतं. शिवाय पातळ गोंद कापडातून वर येऊन दोन-तीन ठिकाणी चकचकीत डाग पडले, ते वेगळेच.

तिसरा प्रकार दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. पुठ्ठा वाकला होता. अगदी भाजलेल्या पापडासारखा, चारी कोपरे वर. भिंतीला टेकवला तर मधोमध टेकायचा आणि डुलायचा.

त्याला बगलेत मारून मी नारायण पेठेतल्या आमच्या बाइंडिंगवाल्या काकांकडे गेले. लहानपणी आमच्या वह्या ते बांधत. आता वकिलांच्या फायली, सोसायट्यांची दप्तरं आणि कुणाकुणाच्या जुन्या पोथ्या बांधतात. त्यांनी माझी कलाकृती दोन्ही हातांत धरली, डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ताई, हे सूप करायचं होतं का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथेच बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. खळ असो की गोंद, ओला असताना कागद-कापड फुगतं आणि वाळताना आखडतं. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला लावलं की ते अंग त्याला आपल्याकडे ओढणार. म्हणून जे एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. "आणि पुठ्ठा पण कपड्यासारखाच, त्याला उभं-आडवं असतं." त्यांनी एक तुकडा घेऊन आधी एका दिशेने वाकवला, मग दुसऱ्या. एका दिशेने तो सहज वाकला, दुसरीकडे कुरकुरला. सहज वाकताना वाकण्याची रेघ जिकडे जाते, ती त्याच्या धाग्याची दिशा. ही दिशा कॅलेंडरच्या उंचीला समांतर ठेवायची, आणि वर चिकटवायच्या कागदाचीही तीच.

"कापड मात्र चिकटवू नका," ते म्हणाले. "पुस्तकाचं कापड वेगळं, त्याला मागून कागद असतो. हा खण आहे. कोरडाच ताणा, आणि फक्त कडा मागे."

एवढं सोपं. खुर्चीच्या बैठकीला कापड ताणतात तसं. म्हणजे समोर ओल नाही, म्हणजे रंग सुटणं नाही, डाग नाही. माझे तीनपैकी दोन अपघात एका वाक्यात मिटले.

खळीची कृतीही त्यांचीच. मैदा एक वाटी, पाणी पाच-सहा वाट्या. आधी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग बाकीचं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत. किडा-झुरळ लागू नये म्हणून शेवटी चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून भांडं जुनं घ्यायचं आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही. आईने मला यासाठी एक पोचा आलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं दिलं आणि त्यावर मार्करने फुली मारून घेतली. तरीही पुढे आठवडाभर ती प्रत्येक पातेलं हातात घेऊन 'हे तेच नाही ना?' असं विचारत होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खरं काम सुरू केलं. कप्पा बोर्ड स्टीलच्या पट्टीवर कटरने कापला. एका दमात कापायला गेलं की कटर भरकटतो. त्याच रेघेवरून हलक्या हाताने सात-आठ वेळा फिरवलं की आपोआप तुटतो. पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना खळीने ब्राउन पेपर लावला, दिशा बघून, मधून कडेकडे चमच्याच्या पाठीने हवा काढत. मग दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून पलंगाच्या फळीखाली दोन दिवस. वर गादी, गादीवर आई. तिसऱ्या दिवशी काढला तर टेबलासारखा सपाट. मी तो भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवून, डोळ्यांच्या रेषेत धरून, सगळ्या प्रकारे पाहिला. इतकं समाधान मला दहावीच्या निकालानेही दिलं नव्हतं.

मग खण. त्रिकोणी घडीच्या रेघा इतक्या वर्षांच्या होत्या की इस्त्रीने जाईनात. पाणी शिंपडायची हिंमत नव्हती. वर कोरडं सुती फडकं टाकून, मध्यम आचेवर, दाबून-दाबून बऱ्याचशा गेल्या. एक तिरकी रेघ राहिली ती राहिलीच, आजही सकाळच्या उन्हात दिसते. मागून चिकटणारं बकरम लावलं, कारण खण कडेने भराभर सुटतो आणि त्याच्या अंगात टीप धरून ठेवायची ताकद नसते.

कात्री लावायच्या आधी आईला हाक मारली. तिने खणावर एकदा हात फिरवला, म्हणाली, "काठ कुठे जाणार?" मी दाखवलं: एक काठ उजव्या कडेला उभा राहील, दुसरा कापून वर महिन्याच्या नावाखाली आडवा. "मग काप," असं म्हणून ती भाजी निवडायला गेली. मला वाटलं होतं थांबून बघेल.

या वेळी मांजरपाट आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं. सात पट्ट्या, प्रत्येकीचं पोट ढिलं, खुणेला खूण. मशीनला ११ नंबरची बारीक सुई लावली, जाड सुईने खणाला भोकं राहतात. खिशाची खोली अडीच सेंटिमीटर ठेवली, पत्त्याची उंची साडेपाच. म्हणजे तीन सेंटिमीटर पत्ता खिशाबाहेर दिसतो आणि आकडा त्यात मावतो. सात ओळी शिवायला दोन दुपारी गेल्या. पाचव्या ओळीत शेवटची उभी टीप किंचित तिरकी गेली. उसवली तर खणावर सुईच्या खुणा राहतील म्हणून तशीच ठेवली. तो गुरुवारचा शेवटचा खिसा. बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, मला मात्र दर गुरुवारी दिसतो.

ताणायचं काम एकट्याने होत नाही. खण पालथा, त्यावर पुठ्ठा. आधी वरच्या कडेचा मधला भाग मागे दुमडून फेव्हिकॉलने चिकटवायचा, मग बरोबर समोरचा खालचा, मग डावा, मग उजवा. नंतर मध्यापासून कोपऱ्यांकडे थोडं-थोडं, समोरासमोर. एका बाजूने सरळ चिकटवत गेलं की दुसऱ्या टोकाला सगळ्या ओळी तिरक्या होतात. कोपरे पंचेचाळीस अंशात छाटले, पण पुठ्ठ्याच्या टोकाला लागून नाही. पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट जागा सोडून, नाहीतर टोकाला पुठ्ठा डोकावतो. आई ताणून धरत होती, मी चिकटवत होते आणि कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे कडेने लागले होते. त्या रात्री धुतलेले कपडे दोरीवर नुसतेच टाकले होते, वाऱ्याने दोन रुमाल खालच्या मजल्यावर गेले.

मागे ब्राउन पेपर फक्त कडेने डकवून सगळं झाकलं. त्याच कागदाचा एक खिसा पाठीवर केला, त्यात महिन्याला न लागणारे पत्ते राहतात. वरच्या कडेला दोन आयलेट, त्यांतून नाडी.

महिन्यांच्या पट्ट्या करताना माझं धाडस वाढलं होतं. जानेवारी ते डिसेंबर बारा झाल्याच, पण त्यांच्या खाली मराठी महिन्यांच्या बारा, चैत्र ते फाल्गुन. इंग्रजी महिन्यात दोन मराठी महिने अर्धेअर्धे येतात, म्हणून खालच्या काठाच्या खिशात दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसतील अशी सोय केली. जानेवारीला पौष आणि माघ.

आता एकादशी. आईचा प्रश्न डिसेंबरभर घरात हिंडत होता. तारखा काय, त्या दर काही वर्षांनी जशाच्या तशा फिरून येतात. २०२६ चे वार-तारखा २०१५ सारखेच आहेत, माळ्यावर ते कॅलेंडर असतं तर तारखांपुरतं चाललं असतं. पण तिथी चंद्राच्या, त्या अशा छापून ठेवता येत नाहीत. मग बटणांचा डबा काढला. पौर्णिमेला शर्टाचं पांढरं शिंपली बटण, अमावास्येला बाबांच्या जुन्या कोटाचं काळं. दोन एकादशांना दोन हिरवी, तुळशीची म्हणून. संकष्टीला मोठं लाल आणि विनायकीला छोटं लाल. प्रत्येक बटण पुठ्ठ्याच्या उभ्या अरुंद पट्टीच्या टोकाला शिवलं. पट्टी पत्त्यामागून खिशात घालायची, बटण पत्त्याच्या डोक्यावर डोकावतं.

३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही दोघींनी जानेवारी लावला. १ तारीख गुरुवारी. आई दारामागच्या छापील कॅलेंडरातून सांगत होती, मी लावत होते. तीन तारखेला पौर्णिमा, पांढरं. सहाला संकष्टी, तीही मंगळवारी, म्हणजे अंगारकी. आई म्हणाली, "अंगारकीला वेगळं काही नाही?" मी लाल बटणाखाली सोनेरी दोरा गुंडाळला. मग चौदा तारीख आली. "चौदाला संक्रांत," आई म्हणाली, "आणि एकादशीपण. षट्‌तिला. दोन्ही एका खिशात कशी बसणार?" संक्रांतीसाठी माझ्याकडे बटणच नव्हतं. तिळाचा दाणा चिकटवावा का, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी हिरव्या बटणाशेजारी एक पिवळा मणी बांधला. गूळपोळी आणि उपवास एकाच दिवशी आल्याचा खरा प्रश्न त्याने सुटला नाही, पण कॅलेंडरवर तरी दोघं नांदले.

टांगल्यावर आई चार पावलं मागे गेली. बराच वेळ बघत राहिली. "छान झालंय," ती म्हणाली. "दुधाचा खाडा कुठे लिहू?"

या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. आमच्या घरात कॅलेंडर म्हणजे वही. गॅस कधी लावला, दूध किती दिवस बंद होतं, कामवाल्या मावशी कधी आल्या नाहीत, इस्त्रीवाल्याकडे किती कपडे, कुणाचं किती देणं, सगळं त्या तारखेच्या चौकोनात, बॉलपेनने, आईलाच कळेल अशा भाषेत. 'दू. नाही.' 'सि. लावला.' माझ्या रेशमी खणावर यातलं काहीच लिहिता येत नव्हतं. मी हौसेने खाली एक पेन्सिल अडकवायचा फास आणि खणाच्याच पाठीची छोटी वही जोडली. आईने ती पंधरा दिवस वापरली. सोळाव्या दिवशी दुधाचा हिशेब करताना तीन पानं उलटावी लागली. तिने वही शांतपणे माझ्याकडे दिली आणि छापील कॅलेंडरकडे परत गेली.

मग मीच ते कॅलेंडर दारामागून काढलं आणि खणाच्या कॅलेंडरच्या मागे, त्याच खिळ्यावर अडकवलं. पुढे शोभेचं, मागे कामाचं. खाडा लिहायचा की आई खणाचं कॅलेंडर खालून एका हाताने उचलते, दुसऱ्या हाताने मागचं लिहिते आणि सोडून देते. सोडल्यावर ते भिंतीवर 'टप्' वाजतं. दिवसातून दोन-तीनदा तो आवाज येतो. एप्रिलपर्यंत खालच्या उजव्या कोपऱ्यात, काठ संपतो तिथे, बोटांचा एक मळकट ठसा उमटला. पेट्रोल लावून पाहू का म्हटलं, तर आई म्हणाली, "राहू दे, नाहीतर रंग जाईल." तो तिथेच आहे. पेन्सिलीचा फास मी उलटा शिवून उचलायला नाडीची पकड केली, पण तिची बोटं सवयीने त्या कोपऱ्यालाच जातात.

पत्ते बदलायचं काम आता तिनेच घेतलं आहे. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी ती सगळे पत्ते काढते, टेबलावर रमी लावल्यासारखे मांडते आणि एकेक घरात सोडते. ३० एप्रिलला मी बाहेरून आले तेव्हा मे लागलेला होता. एक तारीख शुक्रवारी. सहावा आठवडा सांडत होता, आणि एकतीस तारीख तिने न विचारता पहिल्या रांगेत, रविवारच्या रिकाम्या घरात, सगळ्यात वर बसवली होती. पाच तारखेच्या अंगारकीला सोनेरी दोऱ्याचं बटणही लावून झालं होतं.

"वैशाख लावलाय," ती म्हणाली. "पण पुढची पट्टी सापडत नाही."

"ज्येष्ठ. तिथेच असेल, वैशाखच्या खाली."

"ज्येष्ठ नाही गं. सतरा तारखेपासून अधिक. पंधरा जूनपर्यंत. अधिकाची पट्टी कुठंय?"

मी बारा केल्या होत्या. दोन-तीन वर्षांनी एकदा तेरावा महिना येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जावयाला अनारसे द्यायचा महिना म्हणून ते पक्कं माहीत होतं. पट्ट्या करताना मात्र डोक्यात आलं नाही. शेजारच्या काकू त्याच वेळी विरजण मागायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, २००७ सालीही अधिक ज्येष्ठच होता, त्यांच्या लेकीचा पहिला अधिक तो, चांदीचं ताट दिलं होतं.

खणाचा तुकडा उरला नव्हता. शिवणाचा डबा उपसला. भरतकामाचे पाच चौकोन निघाले आणि त्यांच्याखाली सरावाच्या कॅलेंडरचं मांजरपाट, लाल कापडाचा रंग पिऊन असमान गुलाबी झालेलं. त्याचीच पट्टी कापली, पुठ्ठ्यावर ताणली आणि काळ्या मार्करने 'अधिक' लिहिलं. आईने ती हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि पाठीमागच्या खिशात सतरा तारखेसाठी ठेवून दिली.